आघातानंतरचे उपचार: मन आणि शरीर यांची वाटणी नको

अपघातात मोडलेले हाड जुळले, टाके निघाले आणि कामावर रुजू व्हायला हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले की माणूस बरा झाला, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते. त्यानंतरही त्याला रात्री दचकून जाग येत असेल, गर्दीत घुसमटत असेल किंवा घरच्यांवर विनाकारण खेकसावेसे वाटत असेल, तर ते सगळे ‘मनाचे’ ठरते, आणि मनाचे म्हणजे काही दिवसांनी आपसूक निवळणारे, अशी समजूत असते. ज्याला ही समजूत पटत नाही तो फार तर समुपदेशकाकडे जातो. पण तिथे बहुतेक वेळा शरीराचा विषय निघत नाही, कारण शरीराचे उपचार दुसरीकडे चालू असतात किंवा संपलेले असतात. आघात झालेल्या माणसाची अशी दोन ठिकाणी वाटणी झाली की दोन्हीकडचे उपचार अर्धवट राहतात, असे माझे स्वतःच्या अनुभवावरून आणि त्यानंतर केलेल्या वाचनावरून ठाम मत झाले आहे.

काही वर्षांपूर्वी संध्याकाळच्या ऐन गर्दीत लोकलमधून उतरताना मागून लोंढा आला आणि मी दारातच कोसळले. एक पाय फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत गेला. गाडी सुटण्याच्या बेतात होती, आणि दोन अनोळखी बायकांनी माझ्या काखांत हात घालून मला जिवाच्या आकांताने वर ओढले म्हणून मी वाचले. उजव्या खांद्याजवळचे हाड मोडले होते आणि नडगी सोलवटून निघाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. काही आठवडे हात गळ्यात बांधून काढल्यावर मुलुंडमध्ये घराजवळच फिजिओथेरपी सुरू झाली.

व्यायाम सुरू झाल्यावर एक गोष्ट दिसू लागली, जिचा उलगडा सुरुवातीला कोणालाच होत नव्हता. टेबलावर उताणे झोपले असताना माझा हात बऱ्यापैकी वर जात असे. मात्र फिजिओथेरपिस्टने आधार देण्यासाठी काखेखाली हात ठेवला की खांदा थेट कानापर्यंत उचलला जाई, मान आखडे, श्वास अडके आणि तळहातांना घाम सुटे. मला त्या वेळी दुखत नसे आणि भीती वाटते असेही मी म्हणाले नसते. “अंग सैल सोडा” हे वाक्य मी तोवर अनेकदा ऐकले होते, आणि अंग सैल सोडणे माझ्या हातात असते तर मी ते केव्हाच सोडले असते. या फिजिओथेरपिस्टने मात्र वेगळे काही करून पाहिले. तिने माझे स्टूल फिरवून मला दाराकडे तोंड करून बसवले, म्हणजे माझ्या पाठीमागे फक्त भिंत उरली, मग ती समोर येऊन म्हणाली, “ताई, मी आता काखेखाली हात ठेवणार आहे, ठेवू का?” मी हो म्हणेपर्यंत ती थांबली, आणि त्या दिवशी खांदा आखडला तरी कानापर्यंत गेला नाही. तपासणी संपल्यावर तिने स्पष्ट सांगितले, “हाड जुळलंय. हे आखडणं हाडाचं नाही. तुम्ही मानसशास्त्रज्ञांना दाखवा, पण माझ्याकडचे व्यायाम बंद करू नका. दोन्ही चालू ठेवा.”

‘दोन्ही चालू ठेवा’ या सल्ल्यामागचे कारण समजण्यासाठी संकटाच्या क्षणी शरीरात काय घडते ते थोडे पाहावे लागते. धोका जाणवताच मेंदूतील अमिग्डाला हा छोटासा भाग इशारा देतो, अ‍ॅड्रेनालिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो आणि पळण्यासाठी किंवा प्रतिकार करण्यासाठी स्नायू ताणले जातात. हे सगळे विचार करण्याच्या आधी घडते, आणि तसे घडते म्हणूनच आपण वाचतो. पळणेही शक्य नसेल आणि प्रतिकारही शक्य नसेल, तर शरीर थिजते. पुढे धोका टळला की बहुतेकांचे शरीर हळूहळू पूर्वपदावर येते. मोठ्या दुर्घटनेतून वाचलेल्या बहुसंख्य माणसांना दीर्घकाळ टिकणारा विकार होत नाही, ही दिलासा देणारी वस्तुस्थिती आधीच सांगायला हवी. ज्यांच्या बाबतीत तसे होत नाही त्यांच्यामध्ये त्या प्रसंगातला एखादा आवाज, वास किंवा स्पर्श तोच इशारा पुन्हा पुन्हा देत राहतो. घटनेला काळ आणि जागा यांच्या चौकटीत बसवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग करतो. अतितीव्र ताणाखाली ते नीट झाले नसेल, तर काखेतला हात आजचा आहे की त्या संध्याकाळचा, हा भेद शरीराला करता येत नाही. तो आजचाच आहे हे मला पूर्ण ठाऊक होते, पण माझ्या खांद्याला ठाऊक नव्हते.

मानसशास्त्रज्ञांकडे, दादरला, मी जाऊ लागले तेव्हा मला वाटले होते की एकदा सगळे बोलून टाकले की मोकळे वाटेल. प्रत्यक्षात मी तो प्रसंग इतक्या सफाईने सांगत होते की विम्याच्या अर्जासोबत जोडायची हकीकत वाचून दाखवावी. गाडी कोणती, गर्दी किती, पाय कुठे अडकला, सगळे ओळीने. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. घरी परतल्यावर मात्र डोके ठणकत असे आणि रात्री झोप उडत असे. मॅडमनी मला मध्येच थांबवून विचारले, “हे सांगताना आत्ता अंगात कुठे काय होतंय?” मी म्हणाले, “काहीच नाही.” त्या म्हणाल्या, “पायाकडे बघा.” माझ्या डाव्या पायाची, म्हणजे फटीत गेलेल्या पायाची, बोटे चपलेत आवळून पांढरी पडली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तोंडाने एक हकीकत चालली होती आणि पाय दुसरीच सांगत होता.

शब्द आणि शरीर यांची अशी फारकत आघातग्रस्त माणसांमध्ये वारंवार दिसते. १९९६ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी आघातोत्तर तणावाच्या रुग्णांना त्यांच्याच प्रसंगाचे वर्णन ऐकवून त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा भावनांशी निगडित भागांत हालचाल वाढलेली आणि बोलण्याशी निगडित असलेल्या ब्रोका भागात ती मंदावलेली आढळली. तो अभ्यास मोजक्या रुग्णांचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही “बोल, म्हणजे बरे वाटेल” हा सल्ला देणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा. दुर्घटना घडल्यावर लगेच एकाच बैठकीत लोकांना सगळे सविस्तर बोलायला लावण्याची जी पद्धत काही काळ प्रचारात होती, तिने पुढचा विकार टळत नाही हेही आता स्थिरावलेले मत आहे. त्या पहिल्या दिवसांत माणसाला सुरक्षित जागा, झोप, जवळची माणसे आणि घाई न करणारा शेजार लागतो.

लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर मात्र रीतसर उपचार घ्यावेत. पीटीएसडी, म्हणजेच आघातोत्तर तणाव विकार, हे निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या सूचीत १९८० मध्ये आले, आणि त्यामागे व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या अनुभवांचा मोठा वाटा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत या विकारासाठी दोन उपचारांची शिफारस आहे. त्यांपैकी एक म्हणजे आघातावर केंद्रित असलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणारी उपचारपद्धती, जिच्यात टाळलेल्या आठवणींना आणि जागांना टप्प्याटप्प्याने सामोरे जातात आणि ‘माझ्यामुळेच हे घडले’ यासारख्या घट्ट बसलेल्या समजुती तपासतात. दुसरा उपचार ईएमडीआर, जो अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सीन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडला. त्यात आठवणीचा एक तुकडा मनात धरून थेरपिस्टच्या बोटांच्या हालचालीमागे नजर फिरवायची असते किंवा दोन्ही गुडघ्यांवर आलटून पालटून टिचक्या मारायच्या असतात. हे ऐकायला चमत्कारिक वाटते. हालचालीमुळे नेमके काय होते यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत, पण पद्धत उपयोगी पडते याचे पुरावे चांगले आहेत. गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञ नैराश्यविरोधी गोळ्या देतात, त्यांचाही आधार होतो. झोपेसाठी कोणीतरी हातावर ठेवलेली शामक गोळी मात्र मनाने सुरू करू नये. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या गटातील औषधे या लक्षणांसाठी देऊ नयेत असेच त्या सूचना सांगतात.

या यादीत शरीर कुठे आहे, असा प्रश्न मला पडला होता आणि त्याचे उत्तर मला उपचारांच्या क्रमात सापडले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे सांगितले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, आणि त्यानंतर पुन्हा माणसांत आणि रोजच्या जीवनात जाणे. यातला पहिला टप्पा बोलून पुरा होत नाही. सुरक्षित असल्याची खात्री शरीराला पटावी लागते आणि ती पटवण्याची साधने शरीराचीच असतात: श्वास, पावलांखालची जमीन, नजर, स्नायूंची हालचाल. ही तयारी नसताना थेट आठवणीत शिरले की माणूस एक तर भडकतो, नाही तर माझ्यासारखा बधिर होऊन अहवाल वाचतो. उलट केवळ शरीरावर काम करत राहिले तर ताण तात्पुरता उतरतो, पण काखेतल्या स्पर्शाचा आणि त्या संध्याकाळचा सांधा तसाच राहतो. म्हणून शरीराला मनाच्या उपचारांची नुसती पुरवणी समजणे मला मान्य नाही, आणि योगाने सगळे बरे होते हा दावाही मान्य नाही.

माझ्या बाबतीत हे असे चालले. मॅडमनी आठवणीचे काम बाजूला ठेवले आणि काही बैठका केवळ परत जमिनीवर येण्याच्या सरावात घालवल्या. दोन्ही तळपाय टेकवायचे, टाच आणि अंगठा यांवर आळीपाळीने भार द्यायचा, खोलीत नजर सावकाश फिरवून दार, खिडकी, पंखा असे एकेक पाहायचे आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती थोडी कमी होते, त्यामुळे लांब उच्छ्वास हा शरीराशी बोलण्याचा अगदी सरळ मार्ग आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आले तर हा परिणाम चांगला जाणवतो. सुरुवातीला मला तो लांब उच्छ्वास जमत नसे. तो मध्येच तुटे आणि मी घशातून हवा गिळत असे. मग मॅडमनी श्वास मोजणे सोडायला लावले आणि हलक्या आवाजात गुणगुणायला सांगितले. गुणगुणताना उच्छ्वास आपोआप लांबतो, त्यासाठी वेगळी मेहनत लागत नाही. मुलुंड ते दादर बसने जाताना खिडकीशी बसून मी ते करत असे आणि शेजारच्या बाईला ते भजन वाटत असावे.

एवढी तयारी झाल्यावर आठवणीकडे वळलो. ईएमडीआरच्या एका बैठकीत पाय फटीत असलेला क्षण मनात धरला असता डाव्या मांडीत विलक्षण ताण भरून आला. मॅडमनी तिथेच थांबवून मला उभे केले आणि तो पाय भिंतीला लावून, हवे तितके सावकाश, पूर्ण जोराने भिंत ढकलायला सांगितली. त्या संध्याकाळी त्या पायाला जे करायचे होते आणि करता आले नव्हते, ते त्याने तिथे केले. मांडी थरथरली, मग मी बसले आणि अपघातानंतर प्रथमच रडले. त्या बैठकीनंतर डोके ठणकले नाही. पुढच्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टने काखेखाली हात ठेवला तेव्हा मला त्या दोघी बायका आठवल्या; पण यावेळी ओढून बाहेर काढणारे हात म्हणून आठवल्या. तोवर तो स्पर्श अडकण्याचा होता.

हे शक्य झाले त्यामागे एक साधी व्यवस्था होती, आणि ती व्यवस्था मला सगळ्या पद्धतींपेक्षा मोलाची वाटते. माझ्या लेखी परवानगीने फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ मॅडम एकमेकींशी फोनवर बोलत. आठवणीची अवघड बैठक ज्या आठवड्यात असे, त्या आठवड्यात खांद्याचे जोराचे ताण टाळले जात. खांदा एखाद्या हालचालीवर पुन्हा आखडला की ते मानसशास्त्रज्ञांना कळे आणि पुढच्या बैठकीत त्यावर काम होई. एकीने दुसरीचे काम केले नाही. फिजिओथेरपिस्टने मला कधी प्रसंग सांगायला लावला नाही आणि मानसशास्त्रज्ञांनी खांद्याला हात लावला नाही.

योगाभ्यासाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मुंबईत आघातग्रस्त माणसाला सर्वांत आधी तोच सल्ला मिळतो. त्यात गैर काही नाही. या शहराचा योगाशी जुना आणि गंभीर संबंध आहे. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली योग इन्स्टिट्यूट आज सांताक्रूझला आहे. परळच्या केईएम रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलींच्या संकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांसाठी वापरून पाहिली, आणि १९७३ मध्ये त्यावरचे त्यांचे निबंध भारतात आणि अमेरिकेत वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. तेव्हा पीटीएसडी हे निदान अस्तित्वातही आले नव्हते; त्यांचे रुग्ण चिंता आणि मनोकायिक तक्रारींचे होते. मन आणि शरीर यांचा उपचार एकत्र करण्याची आणि तो मोजून पाहण्याची कल्पना परदेशातून आयात झालेली नाही, ती परळच्या एका महापालिका रुग्णालयात रुजलेली आहे, याचा मला अभिमान वाटतो आणि तो वारसा आपण पुरेसा जपला नाही याची खंतही वाटते.

आघात आणि योग यांवरचा एक अभ्यास २०१४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दीर्घकाळ उपचार घेऊनही पीटीएसडी न हटलेल्या ६४ स्त्रियांपैकी निम्म्यांना १० आठवडे आघाताचे भान ठेवून शिकवलेला योग दिला आणि उरलेल्यांना स्त्रियांच्या आरोग्याविषयीचे वर्ग दिले. अखेरीस योगाच्या गटातील ५२ टक्के स्त्रिया विकाराच्या निकषांतून बाहेर आल्या होत्या, दुसऱ्या गटातील २१ टक्के. मला त्यातला आणखी एक तपशील महत्त्वाचा वाटतो: पहिल्या काही आठवड्यांत दोन्ही गट सुधारले, पण नंतर दुसरा गट मागे घसरला आणि योगाचा गट टिकून राहिला. लहान अभ्यास आहे, आणि सीबीटी किंवा ईएमडीआरच्या मागे जितका पुराव्यांचा आधार आहे तितका अजून योगाच्या किंवा इतर शरीराधारित पद्धतींच्या मागे नाही, हे मान्य करूनच मी तो इथे मांडते आहे.

‘आघाताचे भान ठेवून शिकवलेला’ या शब्दांवर सगळे अवलंबून आहे. आपल्या नेहमीच्या वर्गात शिक्षक मागून येऊन पाठ सरळ करतात, डोळे मिटायला सांगतात, श्वास रोखून धरायला सांगतात आणि जमले नाही तर प्रेमाने रागावतात. ज्याच्या अंगावर न विचारता हात पडले आहेत किंवा जो कुठेतरी अडकून पडला होता, त्याला यांतली प्रत्येक गोष्ट मागे नेऊ शकते. कपालभातीसारख्या जलद श्वसनाने छातीत धडधड वाढते, आणि घाबरलेल्या शरीराला ती धडधड धोक्याचीच खूण वाटते. मिटलेल्या डोळ्यांसमोर प्रसंग उभा राहतो. म्हणून अशा योगवर्गात डोळे उघडे ठेवण्याची मुभा असावी, स्पर्श परवानगीशिवाय नसावा, दाराजवळ बसता यावे, कोणतेही आसन अर्ध्यावर सोडता यावे आणि शिक्षकाची भाषा हुकमाची नसावी. शिवाजी पार्कजवळच्या एका छोट्या वर्गात मला अशा शिक्षिका भेटल्या. शवासनाच्या वेळी त्या मला भिंतीला टेकून बसू देत आणि इतर झोपलेले असताना मी खिडकीतून झाडाकडे पाहत असे. हाच माझा अभ्यास होता. ध्यानाच्या निवासी शिबिरांबद्दलही हेच म्हणेन: दीर्घ मौन हे ज्याची आठवण अजून उघडी जखम आहे त्याच्यासाठी नाही, निदान थेरपिस्टच्या सल्ल्याशिवाय नाही.

मुंबईत राहून हे सगळे करण्यात एक वेगळी अडचण आहे. ज्या जागेने आघात दिला तीच जागा रोज दोनदा ओलांडावी लागते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या पुन्हा भरून धावल्या. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर, ज्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही शहर चिखल उपसून कामाला लागले. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, आणि लोक पुन्हा त्याच पुलावरून कामावर गेले. याला जिद्द म्हणून गौरवले जाते. ती जिद्द मी नाकारत नाही, तिच्यावर घरे चालतात. परंतु पोटासाठी दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात चढलेल्या माणसाचे शरीर सावरले आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ते दात आवळून उभे असते, आणि आवळलेले दात, न उतरणारी पाठदुखी, पोटाच्या तक्रारी घेऊन ते वर्षानुवर्षे वेगवेगळ्या ओपीडींत फिरते. आमच्या डब्यातल्या किती बायका दाराजवळ आल्या की पर्स छातीशी घट्ट धरून श्वास रोखतात, ते मी आता पाहते.

लोकलमध्ये परतणे हा म्हणूनच माझ्या उपचाराचाच भाग ठरवला गेला, जिद्दीची परीक्षा म्हणून नव्हे. आधी रविवारी दुपारी फलाटावरच्या बाकावर बसून नुसत्या गाड्या पाहिल्या. मग नवऱ्याबरोबर एक स्थानक, दुपारच्या रिकाम्या डब्यात. मग सीएसएमटीहून सुटणाऱ्या गाडीत, जिथे चढताना रेटारेटी कमी असते. प्रत्येक पायरीवर एकच अट होती: छातीतली धडधड वाढली तर पळून उतरायचे नाही आणि दात आवळून सोसायचेही नाही, तर तळपाय टेकवून, उच्छ्वास लांबवून, ती उतरायला लागेपर्यंत तिथेच राहायचे. सामोरे जाण्याची ही पद्धत सीबीटीची आहे आणि तिथे टिकून राहण्याचे बळ शरीराच्या सरावाने दिले. आजही संध्याकाळच्या ऐन गर्दीत मी एखादी गाडी सोडते. ते मी ठरवून करते.

घरच्यांबद्दल लिहायला हवे. “झालं ते झालं, देवानं वाचवलं, आता मनात आणू नकोस,” असे सासूबाई पहिले काही महिने म्हणत, आणि त्यामागे माया होती हे मला कळत होते. मॅडमनी एकदा त्यांना बैठकीला बोलावले आणि काखेतल्या स्पर्शाचे सांगितले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या रात्रीपासून खांद्याला तेल लावायला आल्या की आधी समोर येऊन विचारत, “लावू का गं?” कधी मी नको म्हणे आणि त्या तेलाची वाटी ठेवून स्वयंपाकघरात जात, त्यांना राग आला नाही. घरातल्या माणसाला उपचारात इतकाच वाटा पुरतो, आणि दोन खोल्यांच्या घरात, जिथे रडायलाही वेगळी जागा नसते, तो वाटा फार मोठा असतो.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मुंबईत खासगी थेरपीच्या एका बैठकीला हजार-दोन हजार रुपये सहज लागतात आणि फिजिओथेरपी, योगवर्ग यांचे पैसे वेगळे. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी केईएम, नायर आणि शीव या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत नाममात्र शुल्कात मानसोपचाराचा आणि फिजिओथेरपीचा असे दोन्ही बाह्यरुग्ण विभाग एकाच आवारात आहेत. रांग लागते, पण तिथे जाणाऱ्याने एक गोष्ट आवर्जून करावी: दोन्हीकडचे केसपेपर एकाच पिशवीत ठेवावेत आणि प्रत्येक डॉक्टरला दुसरा कागद स्वतःहून दाखवावा, ‘मला दुसऱ्या विभागातही उपचार चालू आहेत, त्यांचे हे म्हणणे आहे’ असे सांगून. खासगी ठिकाणी जाणाऱ्याने पहिल्याच भेटीत विचारावे की थेरपिस्टने आघातावरच्या उपचाराचे रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का, आठवणीत शिरण्याआधी ते काय तयारी करून घेतात, बैठक चालू असताना थांबायचे असेल तर कसे सांगायचे, आणि माझ्या फिजिओथेरपिस्टशी किंवा योगशिक्षकाशी बोलायची त्यांची तयारी आहे का. शेवटच्या प्रश्नाला कपाळावर आठ्या पडल्या तर दुसरा थेरपिस्ट शोधावा, असे मी मैत्रिणींना सांगते.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यायचे आहे. मात्र बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच्याच खर्चाच्या असतात, त्यामुळे समुपदेशनाच्या बैठकांचा खर्च मिळेल का हे पॉलिसीच्या कागदात बाह्यरुग्ण सेवेच्या कलमाखाली पाहून घ्यावे. कोणाकडे जावे हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन करताना झोप, भीती, आठवणी यांबरोबर अंगाच्या तक्रारीही सांगाव्यात, म्हणजे दुखणारी पाठ, आवळलेला जबडा, न उतरणारी धडधड. पलीकडच्या समुपदेशकाला त्या तितक्याच उपयोगी पडतात.